चित्रपटाचे संकेतस्थळ : प्रसिद्धीची नवी भिंत

चित्रपट तयार होणे आणि तो प्रेक्षकापर्यंत पोहोचणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिलीसाठी दिग्दर्शक, कलावंत आणि तंत्रज्ञ लागतात. दुसरीसाठी प्रसिद्धीची कला लागते. या कलेने गेल्या शतकभरात अनेक रूपे घेतली. हस्तपत्रक, भित्तिपत्रक, माहितीपुस्तिका, रंगवलेले फलक, वृत्तपत्रातील जाहिरात आणि दूरचित्रवाणीवरील झलक ही त्यांतील प्रमुख होत. विसाव्या शतकाच्या अखेरीस या मालिकेत चित्रपटाच्या अधिकृत संकेतस्थळाची भर पडली.

निर्मात्याने किंवा वितरकाने एका विशिष्ट चित्रपटासाठी स्वतंत्रपणे उभारलेले आणि त्याच्याच नावाने नोंदवलेले संकेतस्थळ म्हणजे त्या चित्रपटाचे अधिकृत संकेतस्थळ. त्यावर कथासार, कलावंतांची नामावली, छायाचित्रे आणि झलक असते. पण ही माहिती अन्यत्रही मिळू शकते. संकेतस्थळाचे खरे काम त्याच्या मांडणीतून घडते. रंग, अक्षर, चित्र, ध्वनी आणि पानांचा क्रम यांतून चित्रपटाचा स्वभाव प्रेक्षकाला तिकीट काढण्यापूर्वीच जाणवावा, हा त्यामागील हेतू असतो. ही कल्पना मराठी चित्रसृष्टीला मुळीच नवी नाही. तिचे मूळ शोधत गेल्यास वाट थेट दादासाहेब फाळके यांच्यापर्यंत पोहोचते.

तीन आण्यांची जाहिरात

मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला, तेव्हा वृत्तपत्रातील जाहिरातीने त्याला शतकातील चमत्कार म्हटले होते. नवलाईच विकायची असल्याने तेवढे पुरेसे होते. फाळक्यांपुढची अडचण निराळी होती. 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. पुढे तो सुरतेला गेला. तेथील प्रेक्षकाला दोन आण्यांत सहा-सहा तास चालणारी नाटके पाहण्याची सवय होती. त्याच्या दृष्टीने दीड तासाच्या खेळाला तीन आणे देणे हा तोट्याचा व्यवहार होता.

फाळक्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र आणि मोल अवघे तीन आणे, अशा आशयाचा मजकूर त्यांनी दिला. तासांच्या मापात जो चित्रपट तोकडा ठरत होता, तो छायाचित्रांच्या आणि मैलांच्या मापात भरघोस दिसू लागला. या आकड्यांचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. पस्तीस मिलिमीटर फितीच्या एका फुटात सोळा चित्रचौकटी बसतात. सत्तावन्न हजार चौकटींची लांबी सुमारे साडेतीन हजार फूट होते आणि 'राजा हरिश्चंद्र'ची नोंदलेली लांबी सुमारे ३,७०० फूट आहे. म्हणजे छायाचित्रांचा आकडा जवळजवळ अचूक होता. दोन मैल मात्र दहा हजार फुटांहून अधिक भरतात. एक आकडा खरा आणि एक जवळपास तिप्पट फुगवलेला, असे भारतीय चित्रपटाच्या प्रसिद्धीचे पहिले प्रसिद्ध उदाहरण आहे. खरेपणा आणि अतिशयोक्ती यांचे हे मिश्रण पुढे प्रत्येक माध्यमात दिसते. संकेतस्थळही त्याला अपवाद नाही.

कोल्हापूरचा वारसा

फाळक्यांची जाहिरात शब्दांची होती. तिला चित्ररूप देण्याचे श्रेय कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्याकडे जाते. नाटकांचे पडदे रंगवणारा हा चित्रकार महाराष्ट्र फिल्म कंपनीचा संस्थापक झाला. १९२० मध्ये 'सैरंध्री'द्वारे त्याने दिग्दर्शनात पाऊल टाकले. आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके बाबूराव स्वतः रंगवीत. कथेची माहिती आणि छायाचित्रे असलेली पुस्तिका चित्रपटासोबत काढण्याची प्रथाही त्यांनीच सुरू केली, असे मानले जाते.

या पुस्तिकेचे स्वरूप लक्षात घेतले म्हणजे तिचे आणि संकेतस्थळाचे नाते उघड होते. मुखपृष्ठावर चित्रपटाचे नाव आणि एखादे प्रभावी चित्र, आत कथेचा अर्धा भाग, उरलेला भाग पडद्यावर पाहण्याचे आमंत्रण, कलावंतांची नावे आणि पुढील काळात गाण्यांचे बोल, अशी तिची रचना असे. संकेतस्थळाचे प्रवेशपृष्ठ, कथासार, कलावंत, छायाचित्र दालन आणि संगीत हे विभाग म्हणजे याच पुस्तिकेची पाने होत. फरक इतकाच की पुस्तिका चित्रपटगृहाच्या दारात विकत मिळे आणि संकेतस्थळ घरबसल्या उघडते.

१९२४ मधील 'कल्याण खजिना' या बाबूरावांच्या चित्रपटाचे भित्तिपत्रक हे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने भारतीय सचित्र भित्तिपत्रक समजले जाते. चित्रपट काळाच्या ओघात गेला. त्याची जाहिरात उरली. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण संकेतस्थळांच्या बाबतीत आज नेमके याच्या उलट घडत आहे.

चिन्ह आणि अक्षर

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेल्या आणि १९३३ मध्ये पुण्याला गेलेल्या प्रभात फिल्म कंपनीने प्रसिद्धीत आणखी एक गोष्ट रुजवली. ती म्हणजे ओळखचिन्ह. तुतारी फुंकणारी स्त्री पडद्यावर दिसली की प्रेक्षकाला पुढे येणाऱ्या चित्रपटाच्या दर्जाची खात्री वाटे. चित्रपट बदलला तरी चिन्ह कायम राही. संकेतस्थळाच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर एकच शीर्षचित्र ठेवण्याचा जो नियम संगणकीय रचनाकार पाळतात, त्याचे प्रयोजन हेच आहे. पाहणारा कोणत्याही पानावर असो, तो कोणाच्या घरात आहे हे त्याला विसरता येऊ नये.

मुंबईत पुढील काळात फलक रंगवणाऱ्या चित्रकारांची मोठी परंपरा निर्माण झाली. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन यांनी उमेदवारीच्या काळात चित्रपटांचे फलक रंगवले होते. एस. एम. पंडित यांनी 'फिल्मइंडिया' मासिकाची मुखपृष्ठे आणि चित्रपटांची प्रसिद्धिचित्रे केली. सत्तरच्या दशकात दिवाकर करकरे यांच्या कुंचल्याने 'दीवार'सारख्या चित्रपटांच्या भित्तिपत्रकांना धगधगते रंग दिले. 'शोले'ची दगडात कोरल्यासारखी अक्षरे हा तर अक्षररचनेचा वस्तुपाठच मानला जातो. चित्रपटाचे नाव नुसते वाचले जात नाही, ते पाहिलेही जाते, हे या सर्वांना ठाऊक होते.

मराठीत हे भान अधिक ठळकपणे आले ते कमल शेडगे यांच्यामुळे. २०२० मध्ये निधन पावलेल्या या अक्षररचनाकाराने नाटके, चित्रपट, नियतकालिके आणि पुस्तके यांच्या शीर्षकांना स्वतंत्र व्यक्तिमत्त्व दिले. वृत्तपत्रातील नाटकांच्या जाहिरातींचे पान उघडले की नुसत्या अक्षरांवरून नाटक विनोदी आहे की ऐतिहासिक, कौटुंबिक आहे की रहस्यमय, हे वाचकाला कळे. देवनागरीची शिरोरेषा, वेलांट्या आणि काने यांतून असा भाव उमटवता येतो. मराठी चित्रपटाच्या संकेतस्थळाला रोमन लिपीच्या तुलनेत मिळालेले हे हक्काचे भांडवल आहे.

संगणकाच्या पडद्यावर

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्याच सुमारास अमेरिकेत चित्रपटांची संकेतस्थळे दिसू लागली. १९९६ मधील 'स्पेस जॅम' या चित्रपटाचे संकेतस्थळ हे त्या काळाचे सर्वांत परिचित उदाहरण. काळ्या आकाशात विखुरलेल्या चांदण्या, मध्यभागी चित्रपटाचे बोधचिन्ह आणि त्याभोवती ग्रहमालेप्रमाणे मांडलेली छोटी चित्रे, असे त्याचे प्रवेशपृष्ठ होते. प्रत्येक ग्रह म्हणजे एका विभागाचे दार होते. आजच्या नजरेला ही रचना बाळबोध वाटेल. तथापि तिच्यात एक मूलभूत सूत्र होते. विषयसूची वेगळी आणि सजावट वेगळी, असा भेद तेथे नव्हता. चित्रपटाचे विश्व हीच विषयसूची होती. १९९६ चे हे पान निर्मात्यांनी जपून ठेवले. २०२१ मध्ये चित्रपटाचा पुढील भाग आला, तेव्हाही ते पुसून न टाकता वेगळ्या पत्त्यावर कायम ठेवण्यात आले.

यापुढचा टप्पा १९९९ मधील 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'ने गाठला. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोन तरुणांचा हा अल्प खर्चातील भयपट होता. जंगलात चित्रण करण्यास गेलेले तीन विद्यार्थी १९९४ मध्ये बेपत्ता झाले आणि नंतर त्यांची चित्रफीत सापडली, अशी त्याची कल्पित कथा. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच त्याचे संकेतस्थळ सुरू झाले होते. त्यावर चित्रपटाची जाहिरात जवळजवळ नव्हतीच. १७८५ पासूनच्या घटनांचा कालक्रम, पोलिसी तपासाची वाटावी अशी छायाचित्रे आणि बेपत्ता तरुणांची माहिती, असा सारा मजकूर होता. मांडणी मुद्दाम साधी, काळी आणि उदास ठेवलेली होती. अनेकांना ती खरी वाटली. चित्रपटाने जगभरात सुमारे २५ कोटी डॉलरचा गल्ला जमवला.

या यशाने निर्मात्यांना दोन धडे मिळाले. संकेतस्थळ चित्रपटाची माहिती देण्याऐवजी त्याच्या कथेचाच एक भाग होऊ शकते, हा पहिला. दुसरा धडा अधिक नाजूक आहे. कल्पित गोष्ट सत्य म्हणून मांडल्यास गर्दी जमते. मात्र प्रेक्षकाचा विश्वास एकदाच खर्च करता येतो. फाळक्यांचे दोन मैल ही बाजारातली हसतखेळत केलेली अतिशयोक्ती होती. बेपत्ता माणसांची बनावट कागदपत्रे हा वेगळ्या जातीचा प्रकार आहे. खोट्या बातम्यांचा सुळसुळाट झालेल्या आजच्या काळात असा प्रयोग कोणी केल्यास त्याकडे कौतुकाने पाहिले जाईल, असे म्हणता येत नाही.

२००० मधील 'रेक्विअम फॉर अ ड्रीम' या चित्रपटाचे संकेतस्थळ लंडनच्या हाय-रेस या रचनासंस्थेने केले होते. व्यसनाने उद्ध्वस्त होणाऱ्या माणसांची ती कथा. संकेतस्थळ आरंभी एखाद्या झगमगीत जाहिरातीसारखे दिसे आणि पाहता पाहता पान बिघडत, मोडत जाई. कथासार न सांगता कथेचा अनुभव देण्याचा हा प्रयत्न होता. रचनेतून प्रसिद्धी म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण क्वचितच सापडेल.

रचनेचे घटक

चित्रपटाच्या संकेतस्थळाचे बारकाईने अवलोकन केल्यास काही घटक सर्वत्र आढळतात.

पहिला घटक प्रवेशपृष्ठाचा. त्यावर चित्रपटाचे नाव, एक प्रमुख चित्र आणि प्रदर्शनाची तारीख असते. प्रेक्षक तेथे काही क्षणच थांबतो, म्हणून एका पानावर एकच भावना उमटवावी लागते. भित्तिपत्रकाचा नियम येथेही लागू पडतो. रस्त्याने जाणाऱ्याला जे एका दृष्टिक्षेपात कळत नाही, ते पडद्यावर बोटे फिरवणाऱ्यालाही कळत नाही.

दुसरा घटक रंगसंगतीचा. ग्रामीण कथेला मातीचे आणि पिवळसर उन्हाचे रंग, रहस्याला काळा-निळा, विनोदाला भडक आणि उजळ रंग, ही रूढ वाटणी आहे. ती सोयीची असली तरी तिच्यामुळे सारी संकेतस्थळे सारखी दिसू लागतात. चांगला रचनाकार चित्रपटाच्या छायाचित्रणातूनच रंग निवडतो, म्हणजे पान आणि पडदा यांत विसंगती राहत नाही.

तिसरा घटक ध्वनीचा. पान उघडताच पार्श्वसंगीत सुरू करण्याची पद्धत २००० च्या दशकात सर्रास होती. कार्यालयात बसून पाहणाऱ्याची त्यामुळे तारांबळ उडे. पुढे ध्वनी आपोआप सुरू होण्यास न्याहाळकांनीच बंधने घातली आणि ही पद्धत मागे पडली.

चौथा घटक भेटवस्तूंचा. संगणकाच्या पडद्यावर लावण्याची चित्रे, पडदारक्षक, गाण्यांचे तुकडे आणि छोटे खेळ प्रेक्षकाला विनामूल्य दिले जात. २००८ मध्ये 'गजनी'च्या निमित्ताने तर संगणकावरील स्वतंत्र खेळ बाजारात आला. चित्रपटाचे चित्र कोणी आपल्या संगणकावर लावले की तो संगणक म्हणजे चालताबोलता फलकच होई, आणि त्यासाठी निर्मात्याला जागेचे भाडे पडत नसे.

पाचवा घटक पत्रकारांसाठी आणि महोत्सवांसाठी ठेवलेल्या सामग्रीचा. तो सामान्य प्रेक्षकाच्या नजरेत भरत नाही. परंतु छोट्या चित्रपटाच्या दृष्टीने तोच सर्वांत उपयोगी असतो. मोठ्या आकाराची छायाचित्रे, दिग्दर्शकाचे मनोगत, कलावंतांचा परिचय, लांबी आणि भाषा यांचा तपशील एका ठिकाणी मिळाला तर परदेशी महोत्सवाच्या निवडकर्त्याचे काम सोपे होते. 'वळू' २००८ मध्ये रॉटरडॅमला, 'विहीर' २०१० मध्ये बर्लिनला गेला आणि 'कोर्ट'ने २०१४ मध्ये व्हेनिस येथे पुरस्कार मिळवले. मराठी चित्रपटाचा वावर असा विस्तारत असताना ही सामग्री नीटनेटकी असणे ही चैन राहिलेली नाही. २००४ मध्ये 'श्वास' भारतातर्फे ऑस्करसाठी गेला, तेव्हा तेथील प्रसिद्धीचा खर्च भागवण्यासाठी लोकांकडून निधी गोळा करावा लागला होता. जाहिरातीसाठी पैसा नसलेल्या चित्रपटाला जगापुढे उभे राहण्यासाठी किती यातायात करावी लागते, हे त्या प्रसंगाने महाराष्ट्राला दाखवले.

देवनागरीची परीक्षा

मराठी चित्रपटांच्या संकेतस्थळांपुढे आरंभी एक अडचण होती, जिचा अनुभव इंग्रजी चित्रपटांना कधी आला नाही. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी प्रत्येक मराठी संकेतस्थळाचा फॉन्ट वेगळा असे. तो आपल्या संगणकावर उतरवून घेतला नाही, तर मजकुराच्या जागी अगम्य चिन्हांची रांग दिसे. मराठी वृत्तपत्रांच्या इंटरनेट आवृत्त्यांच्या जुन्या वाचकांना हा अनुभव परिचयाचा आहे. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये देवनागरीची सोय होती. मात्र ती वापरकर्त्याला स्वतः सुरू करून घ्यावी लागे.

यातून सुटण्यासाठी रचनाकारांनी दोन मार्ग काढले. एक म्हणजे सारा मजकूर इंग्रजीत देणे आणि फक्त चित्रपटाचे नाव देवनागरीत रेखाटून ते चित्र म्हणून लावणे. दुसरा म्हणजे मराठी मजकुराचेच चित्र करून टाकणे. पहिल्या मार्गात मराठी चित्रपट आपल्याच प्रेक्षकाशी परक्या भाषेत बोलू लागला. दुसऱ्या मार्गात अक्षरे सुंदर दिसली, पण चित्रातील मजकूर शोधयंत्राला वाचता येत नाही. मराठीत शोध घेणाऱ्याला ते पान सापडतच नसे. दृष्टिहीन वाचकासाठी मजकूर वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीलाही अशी पाने मुकी असतात.

युनिकोड रुळल्यावर ही अडचण दूर झाली. ऑगस्ट २०१४ पासून तर 'डॉट भारत' या देवनागरी पत्त्याचीही सोय झाली. अडचण सरली तरी तिच्यातून लागलेली सवय मात्र पुरती सुटलेली नाही. शीर्षक मराठी आणि आतील सारा मजकूर इंग्रजी, ही रचना अजूनही दिसते. आता तिचे कारण तांत्रिक उरलेले नाही.

शिरपूरचा प्रेक्षक

रचना कोणासाठी, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन या गावाचे उदाहरण घेता येईल. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे हे गाव देशभरातील जैन भाविकांना परिचित आहे. अशा गावातील प्रेक्षकाचा विचार मुंबई-पुण्यात तयार होणाऱ्या संकेतस्थळाच्या रचनेत बहुधा झालेला नसतो.

दूरध्वनीच्या तारेवरून चालणारी जोडणी सेकंदाला जास्तीत जास्त ५६ किलोबिट माहिती आणत असे. म्हणजे सेकंदाला अवघे सात किलोबाइट. एक मेगाबाइटचे सजवलेले प्रवेशपृष्ठ उघडण्यास सुमारे अडीच मिनिटे लागत आणि वीस मेगाबाइटची झलक उतरण्यास पाऊण तासाहून अधिक. मिनिटांच्या हिशेबाने पैसे मोजून सायबर कॅफेत बसलेला तरुण इतका वेळ थांबणे शक्य नव्हते. महानगरातील रचनाकाराला जे पान भव्य वाटे, ते तालुक्याच्या गावी उघडतच नसे. चित्रपट आणि त्याचा संभाव्य प्रेक्षक यांच्यात रचनाच भिंत होऊन उभी राहत असे.

ग्रामीण महाराष्ट्रात चित्रपटाची प्रसिद्धी तोवर वेगळ्याच मार्गाने होत होती. जत्रांमध्ये तंबू ठोकून खेळ करणाऱ्या फिरत्या टॉकीज, त्यांच्या दारावरचे भडक फलक आणि ध्वनिक्षेपकावरून होणारा पुकारा, ही तिची साधने. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटाने या मावळत्या जगाची नोंद केली आणि २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याची दखल घेतली गेली. तंबूच्या दारावरील पुकाऱ्याला प्रेक्षकाची भाषा, त्याची घाई आणि त्याच्या खिशातील पैसे यांची पुरती कल्पना असे. संकेतस्थळाला हे भान उशिरा आले.

मोबाइल आणि स्वस्त इंटरनेट यांमुळे परिस्थिती पालटली. आज बहुसंख्य प्रेक्षक चित्रपटाची झलक हातातील छोट्या पडद्यावरच पाहतात. आडव्या पडद्यासाठी आखलेली रचना उभ्या पडद्यावर कोसळते. अक्षरे बारीक होतात आणि तारीख शोधावी लागते. म्हणून हलके पान, ठळक देवनागरी अक्षर, झलक, प्रदर्शनाची तारीख आणि जवळच्या चित्रपटगृहाची माहिती या पाच गोष्टी पहिल्याच पडद्यावर असाव्यात, ही अपेक्षा रास्त ठरते.

समाजमाध्यमांचा पूर

२००४ मध्ये फेसबुक आणि २००५ मध्ये यूट्यूब सुरू झाले. २००७ मध्ये बुकमायशोने तिकिटांची विक्री हाती घेतली. झलक एकीकडे, चर्चा दुसरीकडे आणि तिकीट तिसरीकडे, अशी संकेतस्थळाची कामे वाटली गेली. २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेल्या 'सैराट'च्या गाण्यांनी चित्रपट येण्यापूर्वीच मोबाइलवरून गावोगाव मजल मारली होती. त्या यशात स्वतंत्र संकेतस्थळाचा वाटा शोधण्याचे कारण नव्हते. पुढे अनेक निर्मात्यांनी संकेतस्थळाचा खर्चच टाळला.

यात काटकसर आहे आणि तोटाही आहे. समाजमाध्यमावरील पान प्रत्येक चित्रपटासाठी सारखेच असते. तीच पांढरी किंवा काळी पार्श्वभूमी, तेच चौकोन, तीच कळ. 'शोले'ची अक्षरे आणि एखाद्या सामान्य चित्रपटाची अक्षरे तेथे एकाच आकाराच्या चौकटीत बसतात. रचनेतून स्वभाव सांगण्याची जी संधी भित्तिपत्रकाने दिली आणि संकेतस्थळाने वाढवली, ती येथे आक्रसते. शिवाय ते घर भाड्याचे असते. नियम घरमालकाचे आणि ते केव्हा बदलतील याची हमी नसते.

उरले काय?

सर्वांत गंभीर प्रश्न जतनाचा आहे. २००० च्या दशकातील बहुतेक आकर्षक संकेतस्थळे फ्लॅश या तंत्रावर उभी होती. हलणारी चित्रे, उलगडणारी पाने आणि ध्वनी हे सारे त्यातून साधता येई. २००७ मध्ये आलेल्या आयफोनने फ्लॅशला थारा दिला नाही. अखेर ३१ डिसेंबर २०२० रोजी अॅडोबी कंपनीने त्याचा आधार काढून घेतला आणि जानेवारी २०२१ पासून तो मजकूर दाखवणेच बंद झाले. एका पिढीच्या रचनाकारांचे काम त्यामुळे न्याहाळकांतून दिसेनासे झाले. ज्यांचे संकेतस्थळ फ्लॅशवर नव्हते, त्यांच्यापुढे पत्त्याच्या नूतनीकरणाचा प्रश्न आला. चित्रपट उतरला की वर्षाचे शुल्क भरण्याचा उत्साह राहत नाही. मुदत संपली की तो पत्ता कोणीही घेऊ शकतो. ज्या नावावर कधी काळी चित्रपटाची पाने होती, तेथे मग भलतीच जाहिरात झळकते.

इंटरनेट आर्काइव्ह या अमेरिकी संस्थेने १९९६ पासून संकेतस्थळांच्या प्रती साठवण्याचे काम चालवले आहे. नोव्हेंबर २०२० पासून तिने फ्लॅशमधील कलाकृती पुन्हा चालवून दाखवण्याचीही सोय केली. तरीही अशा प्रतींत चित्रे गळालेली, ध्वनी हरवलेला आणि आतील पाने अपुरी, अशी स्थिती अनेकदा आढळते. १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने चित्रपटांबरोबर भित्तिपत्रके, पुस्तिका आणि छायाचित्रे जपली. कागद जपण्याजोगा आहे हे आपल्याला पटले, ते मूकपटांचा बहुतांश ठेवा नष्ट झाल्यानंतर. संगणकीय पानांबाबत ती जाणीव अद्याप पुरेशी रुजलेली नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. चित्रपट संग्रहालयाकडे सोपवताना त्याच्या संकेतस्थळाची संपूर्ण प्रतही द्यावी. त्यातील शीर्षकाक्षरे, चित्रे आणि मजकूर स्वतंत्र धारिकांत ठेवावेत. रचनाकाराचे नाव नोंदवावे, कारण भित्तिपत्रकांवर सही करणाऱ्या चित्रकारांची नावे आपल्याला ठाऊक आहेत आणि संकेतस्थळे घडवणारे बहुतेक जण अनामिक राहिले आहेत. पत्त्याचे शुल्क चित्रपटाच्या अंदाजपत्रकात किमान दहा वर्षांसाठी धरावे. निर्मितीच्या एकूण खर्चापुढे ही रक्कम अगदी किरकोळ असते.

'कल्याण खजिना'चे भित्तिपत्रक कागदावर छापलेले होते म्हणून शंभर वर्षांनंतरही त्याचे रंग आणि अक्षरे पाहता येतात, आणि १९२४ मध्ये कोल्हापुरातील एका चित्रकाराने प्रेक्षकाला कोणत्या शब्दांत आणि कोणत्या रूपात हाक मारली, हे अभ्यासकाला सांगता येते. २००० च्या दशकातील मराठी चित्रपटांनी आपल्या प्रेक्षकाला कशी हाक मारली, हे सांगण्यासाठी लागणारी पाने अजून काही निर्मात्यांच्या आणि रचनाकारांच्या जुन्या संगणकांत, तबकड्यांत पडून असतील. ती चालेनाशी होण्यापूर्वी बाहेर काढणे, एवढे काम आज हातात आहे.